बुधवारचं पाणी

“ते पाणीवाले काका हल्ली येत नाहीत ना, म्हणून असेल,” वॉचमन म्हणाला.

त्याने ते अगदी सहज म्हटलं, खुर्ची जरा मागे सरकवत. काचेच्या त्या ऑफिस-इमारतीच्या दाराजवळ ती जमिनीवर गुडघे टेकून बसली होती, एका हातात कात्री, शेजारी पाण्याची बादली, आणि समोरच्या टेबलावर गेल्या सोमवारी तिनेच लावलेली फुलं माना टाकून बसली होती. झिनियांचे देठ मऊ पडले होते. पाण्याला कुबट वास येत होता. काउंटरवरच्या मुलीने नुकतंच जरा ओशाळून सांगितलं होतं, की साहेबांचं म्हणणं पडलं, गुरुवारपर्यंतसुद्धा टिकत नाहीत हल्ली. असंच चालणार असेल तर पुढच्या महिन्यापासून कापडी फुलं आणून ठेवू. त्यावर ती बरंच काही बोलली होती. एअर कंडिशनरचा थेट झोत, बदललेली हवा, फुलांच्या जातीजातीतला फरक. बोलताना आपलं आपल्यालाच ते लंगडं वाटत होतं. चार महिने हेच चाललं होतं. मळ्यावर फुलं टवटवीत, बादलीत टवटवीत, गाडीत टवटवीत, आणि इथे आली की तिसऱ्या दिवशी मान टाकायची. माती तपासून झाली होती. फुलं ठेवायच्या अंधाऱ्या खोलीला ओल्या गोणपाटाचे पडदे लावून झाले होते. गेल्याच आठवड्यात तिने कापणीला येणाऱ्या मावशींना चार बायकांसमोर फैलावर घेतलं होतं, की बादल्या नीट घासत नसाल तुम्ही. मावशी एवढंच म्हणाल्या होत्या, “चार वर्षं जशा घासते तशाच घासते,” आणि पदराला हात पुसत निघून गेल्या होत्या.

“कोण पाणीवाले काका?” तिने विचारलं.

“तुमचेच की. तुमच्या कंपनीचे. दर बुधवारी यायचे सर्व्हिसिंगला.”

“कसलं सर्व्हिसिंग?”

“फुलांचं,” वॉचमन म्हणाला. त्याला या प्रश्नाचंच नवल वाटलं असावं.

तिची कंपनी म्हणजे ती स्वतः, एक जुना छोटा टेम्पो आणि मावशी. तिने कात्री बादलीच्या काठावर ठेवली. वॉचमन सांगत राहिला, बोलायला माणूस मिळाल्याच्या आनंदात. राखाडी टोपी, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या. आमच्या नळाचं घ्या म्हटलं तर नको म्हणायचे. नळाच्या पाण्यात औषध असतं, एक रात्र उघडं ठेवलेलं पाणी लागतं फुलाला. जुनं पाणी हळूच काढायचे, नवं घालायचे, नखं कापायच्या कात्रीने देठ थोडे थोडे कापायचे, सुकलेलं फूल काढून रुमालात बांधून घेऊन जायचे. मग गुडघा दुखतो म्हणून त्या तिथल्या खुर्चीवर दहा मिनिटं बसायचे. “चेष्टेखोर माणूस. मी म्हटलं, काका, आमच्या साहेबांचंपण सर्व्हिसिंग करा एकदा. तर म्हणाले, साहेबांचा देठ कापायला माझी कात्री लहान पडेल.”

राखाडी टोपी अर्ध्या शहराच्या डोक्यावर असते, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. गुडघे अर्ध्या शहराचे दुखतात. पण एक रात्र उघडं ठेवलेलं पाणी, ही गोष्ट तिने जगात एकाच माणसाच्या तोंडून ऐकली होती. लहानपणी घराच्या मागच्या पायऱ्यांवर रोज संध्याकाळी एक पसरट घमेलं भरून ठेवलेलं असायचं आणि त्याला कुणी हात लावलेला बाबांना चालत नसे.

“थांबा, रजिस्टरात असेल ना,” वॉचमन म्हणाला आणि त्याने खणातून जाड पुठ्ठ्याच्या दोन वह्या काढल्या. तारीख, नाव, कुठून आलात, कोणाकडे, आत, बाहेर, सही. त्याने मागची पानं उघडली आणि वाचण्याआधीच तिला ते अक्षर दिसलं. छापल्यासारखे आकडे, प्रत्येक सातच्या पोटातून आडवी रेघ. एकतीस वर्षं लोकांच्या जिन्याखाली उकिडवं बसून, बॅटरीच्या उजेडात पाण्याचे मीटर वाचून वहीत उतरवणाऱ्या माणसाचे आकडे. नावाच्या रकान्यात त्यांचं नाव. ‘कुठून आलात’ खाली ‘मळा’. ‘कोणाकडे’ खाली ‘फुलं’. आत अकरा पाच, बाहेर अकरा चाळीस. खालच्या बुधवारी तेच. त्याच्या खालच्या बुधवारी तेच. वह्या अडीच वर्षं मागे जात होत्या. ‘मळा’ या शब्दावर तिचं बोट थांबलं. त्या अडीच वर्षांत एकदाही त्यांचं पाऊल मळ्यावर पडलेलं नव्हतं. ते पडू नये अशी व्यवस्था तिने स्वतः केली होती.

शेवटची नोंद ज्या तारखेची होती ती तिला पाठ होती. चार महिन्यांपूर्वीचा बुधवार. त्या दिवशी सव्वाबाराला दादाचा फोन आला होता, बाबा बसच्या पायरीवरून पडलेत, खुब्याचं हाड मोडलंय. ‘भर दुपारी कुठे गेला होतात?’ असं दवाखान्यात तिने त्यांना विचारलं होतं, विचारताना आवाज चढलाही होता. ‘औषध आणायला,’ असं ते म्हणाले होते. औषधाचं दुकान दादाच्या इमारतीच्या खालीच आहे, हे तिला तेव्हा माहीत होतं. तिने त्यावर विचार केला नव्हता. म्हाताऱ्या माणसांची बुद्धी चळते, एवढंच मनात आलं होतं.

तिने नवी फुलं लावली. हात आपोआप चालत होते. पसरट भांड्यात कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी वळून बसवायची, आधी उंच देठ, मग मधले, मग कडेने झुकणारे. देठ खोचायचा हिरवा स्पंज ती वापरत नसे. तो मातीत कधीच कुजत नाही. तिच्या कामाची हीच तर ओळख होती. स्पंज नाही, परदेशातून आणलेलं फूल नाही, हंगामाबाहेरचं काही नाही, विषाचा थेंब नाही. गेल्या वर्षी एका सभेत पन्नास-साठ बायकांसमोर ती बोलली होती. फुलाला विष पाजलं नाही, की ते स्वतःच्या जिवावर जगतं, आमची फुलं आठ-आठ दिवस टिकतात. टाळ्या पडल्या होत्या. त्याच आठवड्यात दादाच्या घरी जेवताना तिने हेच पुन्हा सांगितलं होतं, थोडं बाबांना ऐकू जाईल असं, थोडं बोचेल असं. बाबा ताटाकडे बघत म्हणाले होते, “हो, माती चांगली आहे तुझी.”

तिथून ती दातांच्या डॉक्टरकडे गेली. तिची सोमवारची पाच ठिकाणं होती, त्यातलं हे दुसरं. प्रतीक्षेच्या खोलीतल्या बाईला तिने काही स्पष्ट विचारलंसुद्धा नाही. “बुधवारी कोणी यायचं का हो…” एवढंच म्हणाली. “आजोबा ना?” बाई म्हणाली. “साडेबाराला. बरे आहेत ना?” पुढच्या तीन ठिकाणी तिने विचारलं नाही. नुसती फुलं बदलली आणि प्रत्येक ठिकाणी भांड्याशेजारची खुर्ची कुठे आहे ते पाहिलं. एका बुधवारी पाचही ठिकाणं होणार नाहीत त्या गुडघ्याने. काही गुरुवारी असतील. मीटर वाचायची त्यांची अशीच हद्द ठरलेली असे. आज या गल्ल्या, उद्या त्या.

गाडी कडेला घेऊन तिने मावशींना फोन लावला. “मावशी, बादल्यांचं मी उगाच बोलले. चूक बादल्यांची नव्हती.”

पलीकडे बादली खाली ठेवल्याचा आवाज. मग, “मग कोणाची होती?”

“माझी.”

“बरं,” मावशी म्हणाल्या. “उद्या अॅस्टर कापायचीत की परवा?”

एवढं सोपं असतं, असं तिला वाटलं. मग लगेच वाटलं, नाही, मावशींशी सोपं असतं.

मळा घेतला तेव्हा नोकरी सोडल्याबद्दल सगळं घर तिच्यावर रुसलं होतं. एकटे बाबा दुसऱ्या दिवशी डबा घेऊन मळ्यावर हजर झाले होते. दीड एकर तण, एक विहीर, पत्र्याची एक खोली. त्यांनी जमिनीचा उतार पावलांनी मोजला, नळ्या अंथरल्या, कुठे किती थेंब पडतात ते पेला ठेवून, घड्याळ लावून मोजलं. फुलांची नावं त्यांच्या जिभेवर बसत नसत. कॉसमॉसला ते ‘ती कागदी’ म्हणत आणि स्नॅपड्रॅगनला ‘ते चावरं’. तिला मात्र मालकीणबाई म्हणत. मालकीणबाई, चहा टाकू का. मालकीणबाई, तुमच्या विहिरीत बेडूक झालेत, भाडं लावा. दोन वर्षं. ती दोन वर्षं तिला आता आठवत होती ती बहुतेक त्यांच्या पाठीसारखी. वाफ्यावर वाकलेली, घामाने ओली, मध्ये बनियनचा त्रिकोण. चेहरा आठवायला गेलं की पाठच यायची. तिने त्या दोन वर्षांत त्यांच्याकडे समोरून फारसं पाहिलंच नसेल.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ते लग्न आलं. पहिलं मोठं काम. चारशे डेलिया, मरून आणि फिकट नारिंगी, सगळ्या आपल्या मातीतल्या, असं तिने बोलून बसलेलं. आणि आठ दिवसांवर लग्न असताना मावा पडला. कळ्यांच्या माना काळ्या-हिरव्या किड्यांनी भरून गेल्या. साबणाचं पाणी झालं, कडुनिंबाचा अर्क झाला, बोटांनी एकेक कळी पुसून झाली. लेडीबर्ड यायला लागले होते, लाल पाठीचे, मावा खाणारे. पण त्यांची भूक आणि लग्नाची तारीख यांचा मेळ बसत नव्हता. एका दुपारी बांधावर बसून ती रडली. “हे गेलं तर मी संपले,” म्हणाली. बाबा शेजारी उभे होते, कळ्यांकडे बघत. दुसऱ्या दिवशी ती मांडवाची जागा बघायला शहरात गेली, आणि संध्याकाळी परत आली तेव्हा फाटकातच तिला तो वास आला. गोडसर, घशात बसणारा. बाबा पंप धुऊन ठेवत होते. शेजारच्या शेतावरून मागून आणलेला पंप. त्यांच्या चेहऱ्यावर कामगिरी फत्ते केलेल्या माणसाचा आनंद होता, हे तिला तेव्हाही दिसलं होतं. वाफ्याच्या कडेने लेडीबर्ड पडले होते, तुटलेल्या माळेच्या मण्यांसारखे, काही अजून पाय हलवत होते.

काय काय बोलली ते सगळं आठवत नाही असं ती स्वतःला सांगत आली होती. पण आठवत होतं. शब्दन् शब्द. “दोन वर्षांचं नाव धुळीला मिळवलंत. तुम्हाला पाईप कळतात, बाबा, फुलं नाही कळत. उद्यापासून मळ्यावर येऊ नका.” त्यांनी वर दुमडलेल्या बाह्या सावकाश खाली केल्या, एक, मग दुसरी. मनगटाची बटणं लावली. “बरं, मालकीणबाई,” म्हणाले. त्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. नव्हता. साहेबाने हद्द बदलली, तर मीटरवाला जसं बरं म्हणेल तसं ते म्हणाले आणि फाटक नीट ओढून घेऊन बसच्या रस्त्याला लागले.

इथपर्यंतची गोष्ट तिने पुष्कळांना सांगितली होती. सांगायला चांगली गोष्ट होती. सख्ख्या बापालासुद्धा सूट दिली नाही, अशी. त्यापुढची कोणाला सांगितली नव्हती. पुढची अशी, की फवारणीने मावा मेला, कळ्या उमलल्या, आणि लग्नात तिने त्याच डेलिया लावल्या. चारशेच्या चारशे. धुऊन, पुसून. मांडवाच्या दाराशी पाटी होती, ‘एकही थेंब विष नाही’, तीही तिने काढली नाही. लोक फुलांपाशी उभे राहून फोटो काढत होते. त्या लग्नात आलेल्या एका पाहुण्याचं ऑफिस म्हणजेच ती काचेची इमारत. तिथून दुसरं काम, त्यातून तिसरं. आज जे काही होतं ते सगळं त्या चारशे फुलांवर उभं होतं. आणि हे सगळं वाचवणारा माणूस बुधवारी, दोन बाटल्या पाणी घेऊन, बसने…

तिने गाडी दादाच्या इमारतीखाली लावली. औषधाचं दुकान तिथेच होतं, खालीच, पंधरा पावलांवर.

दार वहिनीने उघडलं. “अगं, सोमवारी कशी काय?” बाबा खिडकीजवळच्या पलंगावर पडून होते. ऑपरेशन झालं होतं, पण पायाने उभं राहणं मनावर घेतलं नव्हतं. आता पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवावं लागे. ती या चार महिन्यांत आठ-दहा वेळा आली होती. प्रत्येक वेळी फुलं घेऊन, प्रत्येक वेळी पंधरा मिनिटं. मागच्या खेपेला त्यांनी विचारलं होतं, “टिकतात का गं?” आणि ती म्हणाली होती, “नाही हो, काय झालंय कळत नाही.” तेव्हा त्यांनी पांघरुणाची कड सरळ केली होती. मग म्हणाले, “पाणी बघ जरा.” ती वैतागून म्हणाली होती, “पाणी बघते मी, बाबा.”

आज तिच्या हातात फुलं नव्हती. ते त्यांच्या लक्षात आलं.

“आज रिकामीच?”

“बाबा, तुम्ही बुधवारी त्या ऑफिसात जायचात.”

“मी? मी कशाला जाऊ?”

“रजिस्टर बघितलं मी. कोणाकडे, तर फुलं.”

ते गालातल्या गालात हसले, चोरी पकडल्यासारखे. “मग काय लिहिणार? तिथे माझ्या ओळखीचं दुसरं कोण होतं?”

ती खुर्ची ओढून बसली. त्यांनी स्वतःहून सांगितलं, तुटक तुटक. एकदा पेन्शनच्या कामाला त्या बाजूला गेलो होतो. काचेतून फुलं दिसली, ओळखली. आत गेलो तर पाणी गढूळ. “तू स्पंज वापरत नाहीस ना. चांगलंच आहे. पण मग जाळीतलं पाणी भराभर खाली जातं, देठ वर राहतात कोरडे. तिसऱ्या दिवशी कोणीतरी बघायला हवं. तुला मळ्यावरून कुठे येणं होणार सारखं.”

“मला सांगायचं होतं तुम्ही.”

“सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, लुडबुड करू नका.”

ती म्हणाली असती. नेमकं हेच, याच शब्दांत. खिडकीत एक कबूतर येऊन बसलं, उडालं. वहिनी आत भांडी आवरत होती, तो आवाज येत होता. तिला वाटलं, आत्ता बोललं नाही तर कधीच बोलणार नाही.

“त्या डेलिया मी लग्नात लावल्या होत्या, बाबा. तुम्ही फवारलेल्याच. तुम्हाला घालवलं आणि फुलं मात्र लावली.”

“माहीत आहे की. दादाने फोटो दाखवला होता.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलायचं?” ते म्हणाले. “छान दिसत होती.”

ते खरंच तसं म्हणत होते. ती त्यांच्या चेहऱ्यात काही शोधत होती, आत साठलेलं, तीन वर्षं धरून ठेवलेलं काही. ते सापडलं असतं तर त्याला धरून तिला क्षमा मागता आली असती. चेहरा समोरून पाहायची सवय नव्हती. भुवईत एक पांढरा लांब केस होता. डाव्या डोळ्याखाली तीळ होता. तो नेहमीचाच की आत्ताचा, तिला सांगता आलं नसतं.

“माझं चुकलं,” ती म्हणाली.

“फवारलं मी होतं,” ते म्हणाले. “न विचारता. ते किडे उगाच मेले, लाल पाठीचे. चूक माझी होती. तुझं कुठे काय चुकलं?”

म्हणजे ती चूकही त्यांनी काढून घेतली. तिच्या हातात काही म्हणता काही उरलं नाही. ती घाईघाईने बोलायला लागली. शनिवारी गाडी आणते, मागच्या बाजूला गादी टाकते, दादा आणि मी धरू, खुर्ची मळ्यातच ठेवू, अॅस्टर आलीत या वर्षी, तुम्ही बघितलेली नाहीत, निळी आहेत, विहिरीवर नवी मोटर बसवलीय, तिचा आवाज ठीक वाटत नाही, तुम्हीच बघून सांगा. आपण लहान मुलाला आमिष दाखवतो तसं बोलतोय, हे तिला कळत होतं आणि थांबता येत नव्हतं.

ते तिचं सगळं ऐकून घेऊन म्हणाले, “आता नको गं. आता नुसतं बसायला कुठे येऊ.” मग रागाशिवाय, मीटरवरचा आकडा वाचून दाखवावा तसं म्हणाले, “मधे एकदा बोलवायला हवं होतंस. बोलावलं असतंस, तर चालत आलो असतो.”

तिने मान हलवली. हो म्हणाली की नाही म्हणाली, तिचं तिलाच कळलं नाही.

वहिनी हात पुसत आली. “वळवायची वेळ झाली. तू जरा बाहेर थांबतेस?”

“मी धरते ना एका बाजूने.”

“तुला जमायचं नाही, सवय लागते त्याला. खुब्याला धक्का बसला तर पुन्हा पंचाईत.” वहिनीने ते प्रेमानेच म्हटलं. तिने बाबांकडे पाहिलं. बाबा वहिनीकडे बघत होते, हात आधीच तिच्या मानेकडे उचललेले.

ती बाहेर येऊन पॅसेजमध्ये उभी राहिली. दार पूर्ण लागलं नव्हतं. आतून वहिनीचा आवाज आला, “हं, एक, दोन,” आणि मग बाबांचा एक हुंकार, दाबलेला, शेवटी जरासा निसटलेला. हा आवाज दिवसातून दहा-बारा वेळा या घरात होत होता. चार महिने. तिने तो पहिल्यांदा ऐकला. पंधरा मिनिटांच्या भेटीत तो येत नसे, किंवा ती असताना ते येऊ देत नसत. शेजारच्या भिंतीवर दादाच्या मुलीची उंची पेन्सिलच्या रेघांनी मांडलेली होती, एकाखाली एक, आणि प्रत्येक रेघेपाशी तारीख, आणि तारखेतल्या प्रत्येक सातच्या पोटात आडवी रेघ. किती महिने ते इथे या भिंतीशी वाकून उभे राहिले होते. ती त्या भिंतीपासून जरा बाजूला सरकून उभी राहिली.

“ये आता,” वहिनी म्हणाली आणि बाजूने निघून गेली.

बाबांना आता उजव्या कुशीवर वळवलं होतं. त्यांचं तोंड भिंतीकडे आणि पाठ खोलीकडे होती. सदरा वर सरकला होता, पाठीला उशीचे वळ उमटले होते. खुर्ची पाठीच्या बाजूला होती. ती खुर्चीपाशी गेली, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून क्षणभर उभी राहिली, आणि मग बसली नाही. पलंगाला वळसा घालून ती भिंत आणि पलंग यांच्यामधल्या हातभर जागेत शिरली, अंग चोरून, आणि खाली फरशीवर बसली. गुडघे छातीशी आले, पाठ भिंतीला टेकली. बाबांचा चेहरा आता अगदी समोर होता, एका वितीवर. डोळे मिटलेले होते. दुखणं अजून पूर्ण ओसरलं नव्हतं. श्वास तिच्या कपाळाला लागत होता.

थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले.

“अगं,” ते म्हणाले, “अशी अडचणीत कुठे बसलीस?”

“असू दे,” ती म्हणाली.